कारभाऱ्याचा वैद्य

१२ जून १९५९, शुक्रवार

ही डायरी माझी नाही, दादाची आहे. शाईच्या कंपनीनं जानेवारीत पाठवलेली. त्यानं पहिल्या पानावर 'मोतीराम, अशोक लिथो प्रेस, जठारपेठ, अकोला' एवढंच लिहिलं आणि बाकीची पानं कोरी ठेवून फेब्रुवारीत गेला. कागद कापायच्या पात्यानं अंगठा चिरला, त्याचा धनुर्वात झाला, सहा दिवसांत सगळं संपलं. कोरी पानं पाहून मला कसंतरी होतं, म्हणून आता दुपारच्या सुट्टीत मीच लिहायला बसलोय.

मी पुंजाजी, त्याचा धाकटा भाऊ. आमची छपाई दगडावरून होते, आणि दगडावर चित्र आणि अक्षरं काढणं हे माझं काम. प्रेस दादाचा, घर दादाचं, आता दोन्ही त्याच्या पोरीचं. शकुन बारा वर्षांची आहे. तिची आई ती दोन वर्षांची असतानाच गेली. कोर्टानं मला पालक नेमलंय. कागदावर तिच्या नावापुढं 'अज्ञान' लिहिलंय, म्हणजे अठरा पुरी व्हायची आहेत. तोवर मी सांभाळायचं आणि मग तिच्या हातात द्यायचं.

मी जन्माचा भित्रा. साहेबासमोर माझी बोबडी वळते. दादा असताना भ्यायचं काम माझं आणि निस्तरायचं काम त्याचं, अशी वाटणी होती. आता दोन्ही माझ्याकडं आलंय. वस्तीत कुणी नुसतं "काय पुंजाजी, बरं चाल्लं ना प्रेसचं?" म्हटलं तरी मी रस्ता बदलतो. वाटतं, हा मला चोर समजतोय.

आज मात्र एक चांगली गोष्ट घडली. अमरावतीचे महादेवराव आले होते. त्यांचं खेळण्यांचं मोठं दुकान आहे. आम्ही छापलेला शाळेचा नकाशा त्यांनी पाहिला आणि म्हणाले, "पुंजाजी, सापशिडीले पोट्टे कंटायले. राजा-राजवाड्यांचा खेळ करून द्या. किल्ले, लढाया, गादीसाठी भांडनं. दिवाईच्या सुट्टीत इकतो मी." मी हो म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक.

१९ जून, शुक्रवार

पट तयार होतोय. जुन्या काळचा वऱ्हाड: नरनाळा, गाविलगड, अचलपूर. आमचे दगडमास्तर अब्दुल सत्तारभाई मूळचे बाळापूरचे, त्यांना बाळापूर पाहिजेच. मी म्हटलं, तो किल्ला फार नंतरचा आहे. ते म्हणाले, "तं काय झालं? खेयात घाला. माहा गाव नाई तं मी रोलर फिरवत नाई." घातलं.

किल्ले घ्यायचे, फौज हलवायची, हे सोपं आहे. कवड्या टाकल्या की होतं. घोडं अडलंय ते राजाच्या मरणाशी. राजा कधीतरी मेलाच पाहिजे, नाहीतर खेळ संपतच नाही. पण मेल्यावर कोण? मोठा मुलगा असेल तर तो. भाऊ असेल तर भांडण. आणि वारस लहान असला तर? त्याच्या वतीनं कुणीतरी राज्य चालवायला पाहिजे. मी नियम लिहिला: डावीकडचा गडी कारभारी होतो. नऊ फेऱ्या तो लहान वारसाचे किल्ले सांभाळतो. नवव्या फेरीनंतर वारस मोठा होतो आणि कारभारी सगळं परत देतो. लिहून झाल्यावर पेन खाली ठेवलं आणि हात पुसले.

२८ जून, रविवार

आज पुठ्ठ्यावर पहिला डाव मांडला. मी, सुंदरा, सत्तारभाई आणि शकुन. सुंदरा म्हणजे माझी बायको. तिला पटावरच्या खेळात गोडी नाही, पण चौथा गडी पाहिजे म्हणून बसली.

शकुनच्या वाट्याला लहान राणी आली. तिच्या डावीकडं मी, म्हणजे कारभारी मी. खेळ मिळमिळीत झाला. नऊ फेऱ्या गेल्या, मी किल्ले परत दिले, सुंदरा जांभई देत होती. सत्तारभाई म्हणाले, "यात जान नाई, भाऊ. बिमारी टाका, दगा टाका." म्हणून मी आजारपण घातलं. चारही कवड्या पालथ्या पडल्या की वारस आजारी. वैद्याचा पत्ता कारभाऱ्याच्या हातात. त्यानं टाकला तर वारस वाचतो, नाही टाकला तर मरतो आणि किल्ले कारभाऱ्याचे.

पुन्हा खेळलो. पाचव्या फेरीला कवड्या पालथ्या पडल्या. माझ्या हातात पत्ता होता. मी नाही टाकला. खेळच होता. सगळे हसले, सुंदराची तर झोपच उडाली. शकुन म्हणाली, "मी मेलो?" मी म्हटलं, मेलीस. ती तिची सोंगटी बोटात फिरवत बसली.

५ जुलै, रविवार

आजारपण घातल्यापासून अकरा डाव झाले. अकराही वेळा लहान वारस मेला. कारभारी कुणीही असो, सत्तारभाईंसारखा पाच वेळा नमाज पढणारा माणूस असो, पत्ता कुणीच टाकत नाही. टाकून मिळतं काय? सहा किल्ले सांभाळायचे आणि शेवटी हात हलवत बसायचं. न टाकला की सहाचे सहा आपले. मी नियम फिरवून पाहिला, फेऱ्या कमी केल्या, काही फरक नाही.

मला याची भीती वाटायला लागली आहे. हे माझ्याच डोक्यातून निघालंय. दुसऱ्या कुणी केला असता तर त्यानं वेगळा केला असता का?

शकुन मात्र खेळ सोडत नाही. शाळेतून आली की पट काढते. आज विचारलं, "काका, रानी कायनं मरते?" आजारानं, मी म्हणालो. "वैद्य कोनाचा रायते?" कारभाऱ्याचा. "मंग कारभाऱ्याशिवाय दुसऱ्या कोनाचा वैद्य नाई काय?" मी म्हटलं, तसा नियम नाही. हुशार पोर आहे. दादा असता तर फुगला असता.

१४ जुलै, मंगळवार

हे लिहू की नको असं झालंय. पण दादाच्या डायरीत खोटं लिहिणं बरं नाही.

सकाळी शकुन दगडांच्या मांडणीखालून झाडू मारत होती. वरच्या फळीवरचा मोठा दगड पुढं सरकलेला होता. मला दिसला. मी लगेच ओरडायला पाहिजे होतं. ओरडलो, पण एक क्षण थांबून. त्या एका क्षणात माझ्या मनात प्रेस, घर, दारावरची पाटी हे सगळं येऊन गेलं. मग ओरडलो, "शकुन, बाजूला हो!" ती झाली, सत्तारभाईंनी दगड आत ढकलला. कुणाला काही कळलं नाही. ती मात्र माझ्याकडं पाहत राहिली, घाबरली असेल बिचारी. मी मागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं, दोनदा धुतलं.

मला माझी भीती वाटते. दुसऱ्या कशाचीही इतकी वाटली नव्हती.

२६ जुलै, रविवार

सुंदराला दिवस गेलेत. लग्नाला नऊ वर्षं झाली, आम्ही आशा सोडली होती. जानेवारीत होईल म्हणते. मला आनंद झालाय, असं मी चार जणांना सांगितलं. झालाच आहे. पण रात्री उठून हिशेब करत बसतो. मुलगा झाला तर? शकुनची शाळा, तिचं लग्न, प्रेस तिचा, आणि माझं मूल कुणाच्या जिवावर?

शकुनला सांगितलं तर ती नुसती "बरं" म्हणाली. अलीकडं पोर फार माया करायला लागलीय. स्वतःचं ताट बाजूला सारते आणि माझ्याच ताटात जेवायला बसते. मी पहिला घास घेतल्याशिवाय हात लावत नाही. दूधही मी घोटभर घेतलं तरच पिते. सुंदरा चिडते, "एवढी मोठी पोट्टी अन् काकाच्या ताटात!" मी म्हटलं, बापाविना पोर, तिला कुणीतरी जवळचं पाहिजे. 'काका तू' म्हणायची, आता 'काका तुमी' म्हणते. मोठी झाली, रीतभात आली.

हिच्या मायेकडं पाहिलं की चौदा तारखेचा तो क्षण आठवतो आणि मान वर करवत नाही.

८ ऑगस्ट, शनिवार

पटाचा दगड छापला. पाचशे प्रती. सुरेख उठलाय, गाविलगडाचे बुरूज तर हातानं चाचपावेत असे. आणि आता हे.

खालच्या ओळीत छापणाऱ्याचं नाव-गाव द्यावं लागतं, कायदाच आहे. दरवेळी आम्ही 'अशोक लिथो प्रेस, अकोला. व्यवस्थापक पुंजाजी' असं देतो. दगडावर सगळं उलटं लिहायचं असतं, आरशात दिसावं तसं. आम्ही ते वाचत नाही, हात आपोआप काढत जातो. चारशेव्या प्रतीला मी पहिल्यांदा ती ओळ सरळ वाचली. 'मालक पुंजाजी.'

मी लिहिलं? माझंच अक्षर. आठवतच नाही. सत्तारभाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "बादशाही बदलली का नाई, हे लोक नाण्यावरच्या नावावरून वयखत. तुमी तुमचं नाणं पाडलं, भाऊ." मी म्हटलं, चूक झाली हो! ते म्हणाले, "हाओ. चूकच असन."

११ ऑगस्ट, मंगळवार

ती ओळ खरवडून पुन्हा पाचशे छापायला वेळ नाही. महादेवरावांचा माणूस परवा नमुने न्यायला येतोय. शिवाय खेळाच्या पटावरची बारीक ओळ कोण वाचतंय? राहू दिली.

शकुन चार दिवस झाले शाळेतून थेट सत्तारभाईंच्या घरी जाते. त्यांच्या बायकोकडं, हलीमाबींकडं, जेवूनच येते. हलीमाबींच्या हातची खिचडी आवडते म्हणे. सुंदराला जड जात असेल हे ओळखूनच जात असेल. एवढुशा पोरीला किती समज!

२ सप्टेंबर, बुधवार

शकुनला सोमवारपासून ताप. हलीमाबींनी टांग्यात घालून घरी आणली. अंगाला हात लावला तर भाजतो.

७ सप्टेंबर, सोमवार

मुदतीचा ताप निघाला, टायफॉईड. डॉक्टर म्हणाले, आता भ्यायचं कारण नाही, नव्या कॅपसूल आल्यात, चार दिवसांत ताप खाली येतो. दर सहा तासांनी एक. मी स्वतः औषधाच्या दुकानात उभा राहून आणल्या. देतोही स्वतः, सुंदरावर सोपवत नाही. शकुन मुकाट्यानं तोंडात घेते, पाणी पिते आणि भिंतीकडं तोंड करते.

मी भ्यालोय. खेळात पाचव्या फेरीला कवड्या पालथ्या पडतात ते डोळ्यांसमोरून जात नाही. तिचं काही बरंवाईट झालं तर लोक काय म्हणतील? म्हणतील, पुंजाजीनं मारलं. प्रेस त्याचाच झाला ना! सिद्ध कसं करू की मी नाही?

१२ सप्टेंबर, शनिवार

पाच दिवस कॅपसूल देऊन ताप तसूभर हलला नाही. एकशे चार. शुद्ध हरपल्यासारखी बडबडते. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या. "तुम्ही वेळच्या वेळी देताय ना?" त्यांनी मला विचारलं. सगळ्यांसमोर.

दुपारी सुंदरानं उशीचा अभ्रा बदलला. आतून कॅपसूल सांडल्या. काही अर्धवट विरघळून चिकटलेल्या, काही अख्ख्या. सगळ्याच होत्या. ती गालात धरून ठेवायची आणि आम्ही वळलो की थुंकायची.

मी तिच्याजवळ बसलो, समजावलं, हात जोडले. बाई, कडू नाही, गिळ. तिनं दात घट्ट मिटले. मी तिचं तोंड उघडायला गेलो तर किंचाळली. असं किंचाळली की शेजारच्या पार्बताबाई धावत आल्या. त्या दारात उभ्या राहून माझ्या हाताकडं पाहत होत्या. माझा हात शकुनच्या जबड्यावर होता.

१३ सप्टेंबर, रविवार

सत्तारभाईंकडं गेलो आणि रडलो. म्हटलं, पोर असं का करते? माझं नशीबच फिरलंय. लोक मला खुनी म्हणतील.

ते रागावले. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"लोक, लोक! डोये हायत का नाई तुमाले? पोट्टी तुमाले भेऊन राहिली, पुंजाजी."

मी म्हटलं, मला? मला कशाला भिईल?

"तुमच्या ताटात कायले जेवे थे? थ्या दगडावरचं नाव तिनं छापायच्या आधीच वाचलं. दगडावरचं उलटं अक्षर थे तुमच्या-माह्यापेक्षा लवकर वाचते. थ्याच दिवशी हलीमाच्या कुशीत येऊन पडली. म्हने, चाची, कारभाऱ्यानं नाणं पाडलं, आता रानी मरते. मले वाटलं, लेकराचं मन हाय, उतरन. तुमाले सांगितलं नाई, हे माहं चुकलं."

मी तिथंच ओट्यावर बसलो. माया, माया म्हणून मी या वहीत लिहिलंय. ते घास मी आधी खाऊन दाखवायचो. त्यात विष नाही, हे मी चाखून दाखवत होतो. दोन महिने एक पोर माझ्या घरात जीव मुठीत धरून राहिली आणि मी लिहिलं, रीतभात आली.

हलीमाबी औषध द्यायला आल्या. त्यांच्या हातून तरी घेईल असं वाटलं. शकुननं डोळे न उघडता विचारलं, "कोनी आनलं?" हलीमाबींना खोटं बोलता आलं नाही. तिनं तोंड फिरवलं. दुसरा डॉक्टर आणू का, विचारलं. "त्याले बी काकाच आनन," म्हणाली.

१४ सप्टेंबर, सोमवार

सकाळी वकिलांकडं धावलो. म्हटलं, असा कागद करा की शकुन अज्ञान असताना गेली तर मला, माझ्या बायकोला, मुलाबाळांना तिच्यातलं काहीही मिळू नये. कुणालाही जाऊ द्या, मला नको. वकील हसले. म्हणाले, माणूस जिवंत असताना त्याच्या मागच्या वारसाहक्काचं सोडपत्र होत नाही. ती हयात आहे तोवर तुम्हाला हक्कच नाही, जो नाही तो सोडणार कसा? आणि ती गेली तर तिच्या बापाचे वारस म्हणून तुम्हीच. असा कागद कायद्यात बसत नाही.

म्हणजे कायद्यातही वैद्याचा पत्ता माझ्याच हातात.

घरी आलो. शकुनचे ओठ काळे पडलेत. मी खाटेपासून लांब, जमिनीवर बसलो. म्हटलं, शकुन, नियम बदलला. राणी लहान असताना मेली, कशानंही मेली, तर कारभारी बाद. त्याचे सगळे किल्ले जातात. खेळात आणि प्रेसमध्येही. मी चावडीवर सांगीन, सत्तारभाई साक्षीला.

तिनं भिंतीकडची मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, "दगडावर हाय काय?"

१५ सप्टेंबर, मंगळवार

पहाट व्हायची वाट पाहिली आणि प्रेसमध्ये जाऊन लहान दगड घासून स्वच्छ केला. नियम लिहिला. 'राणी' तीनदा खरवडून पुन्हा काढली. सत्तारभाई आणि मी, दोघांनी तो दगड गोणपाटावर धरून घरी आणला. लहान म्हटला तरी मणाच्या वर होता. गल्लीतले लोक पाहत होते. पाहू देत.

खाटेवर तिच्या कुशीपाशी टेकवला. हलीमाबींनी तिला पाठीमागून धरून बसवलं. तिनं उजवीकडून डावीकडं बोट फिरवत वाचलं. अंगात ताप, डोळे आत गेलेले, पण एक अक्षर सोडलं नाही. शेवटी बोट थांबलं.

"यात काकू नाई."

"काय?"

"कारभारी बाद. पन त्याची बायको? अन् पोट्टा झाला तं?"

सुंदरा दारात उभी होती. पोटावर हात ठेवून ती मटकन खाली बसली. मला वाटलं, आता भांडण होईल. ती पदरात तोंड घालून म्हणाली, "लिहा अवो. लिहा लवकर."

मी तिथंच चरबीच्या शाईनं ओळ वाढवली: 'त्याच्या बायकोला व मुलांनाही काही मिळणार नाही.' शकुननं तीही वाचली. मग म्हणाली, "याले तेजाब द्या. नाई तं पुसून जाते."

बरोबर होतं. तेजाब म्हणजे ॲसिड, ते लागेपर्यंत दगडावरचं अक्षर ओल्या फडक्यानंही जातं. मी हे तिच्यापासून लपवणार होतो असं नाही, माझ्या लक्षातच नव्हतं. पण आता ते कोण मानेल? सत्तारभाई प्रेसमधून डिंक आणि तेजाबाची बरणी घेऊन आले. तिच्या समोर ब्रश फिरवला. दगडावर बारीक फेस आला, खोलीत उग्र वास सुटला, ती खोकली. फेस बसेपर्यंत तिनं नजर काढली नाही.

"अन् थ्या मोठ्या दगडावरचं नाव?"

"आजच खरवडतो."

"मी बरी झाल्यावर पाहीन."

मग तिनं हलीमाबींपुढं तोंड उघडलं. गिळल्यावर जीभ वर करून दाखवली, आम्हा सगळ्यांना, एकेकाला.

२१ सप्टेंबर, सोमवार

ताप शंभर. डॉक्टर म्हणाले, वाचली. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर आतडं फुटलं असतं. दोन दिवस. शनिवार, रविवार मी लोकांच्या तोंडांची काळजी करत बसलो होतो.

मोठ्या दगडावरचं 'मालक' खरवडलं. नमुन्याला गेलेल्या सोडून बाकी सगळ्या प्रती फाडल्या. आता त्या जागी 'अशोक लिथो प्रेस, मालक कु. शकुन मोतीराम' असं आहे. मी दहा वेळा वाचलं, आधी उलटं आणि मग छापून सरळ. तरी भीती जात नाही. हात पुन्हा काय लिहील, याचा भरवसा नाही.

४ ऑक्टोबर, रविवार

अमरावतीला जाऊन आलो. महादेवरावांनी नवा पट पाहिला, नवा नियम वाचला आणि कपाळाला हात लावला. "बापा, तुमी तं खेयाचा जीवच काढला. कारभाऱ्याले मारताच येत नाई तं लोक खेयतीन कायले? पह्यलाच नियम ठेवा." मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "अहो, कागदाची रानी हाय!" मी पुन्हा नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला दोनदा नाही म्हणालो असेन. त्यांनी पट गुंडाळून परत दिला. बडनेऱ्यापर्यंत मी तो मांडीवर धरून बसलो होतो. आता पुन्हा कपाशीच्या गाठींची लेबलं आणि लग्नपत्रिका.

११ ऑक्टोबर, रविवार

शकुन उशीला टेकून बसते आता. पेज पिते, हलीमाबींच्या हातून. माझ्याशी बोलते, पण मी खोलीत आलो की आधी दाराकडं पाहते.

आज दुपारी तिनं मला हाक मारली. जुना पुठ्ठ्याचा पट समोर मांडला होता. "एक डाव खेयू," म्हणाली. "पह्यल्या नियमानं. दोघंच." मी म्हटलं, तो नियम मोडला ना! "आज तेवढा खेयू. मी कारभारी. तुमी रानी."

मला नको होतं. पण नाही म्हणायचं तोंड कुठं होतं! बसलो. तिनं वैद्याचा पत्ता उचलून आपल्या बाजूला पालथा ठेवला.

चार फेऱ्या गेल्या. पुठ्ठा आहे, सोंगट्या लाकडाच्या आहेत, समोर बारा वर्षांची आजारातून उठलेली पोर आहे, सगळं माहीत होतं. तरी मी तिच्या बोटांकडं पाहायचो. ती किल्ले कसे हलवते, हसते का, पत्त्याकडं हात जातो का. सहाव्या फेरीला कवड्या टाकल्या. चारही पालथ्या.

तिनं पत्ता हातात घेतला आणि धरून ठेवला. टाकला नाही, खालीही ठेवला नाही. मी पत्त्याकडं पाहत होतो आणि ती माझ्याकडं. बाहेर कुणीतरी हातगाडी ओढत नेली. एवढा मोठा माणूस, पण मला खरंच वाटलं की आपण आता जाणार.

"शकुन," मी म्हणालो, "वैद्य पाठव ना व."

"मी बी हेच म्हनत होतो, काका," ती म्हणाली. "तुमच्या ताटात बसून. रोज."

मग तिनं पत्ता पटावर ठेवला आणि कवड्या गोळा करून माझ्याकडं सरकवल्या. अजून तीन फेऱ्या बाकी होत्या. आम्ही त्या खेळलो.